कॉलेजचा मान

"पोपट, उभा राय ना बाप्पा! मॅडमच्या पायावर पाय दिला तर माही नोकरी जाईन," म्हणत नत्थुजींनी बैलाची वेसण खाली ओढली.

मॅडम म्हणजे माझी बायको. डॉ. रागिणी, बार्शीटाकळी रस्त्यावरच्या आमच्या कृषी आणि नैसर्गिक संसाधन महाविद्यालयाची सहयोगी अधिष्ठाता, प्रभारी. तो 'प्रभारी' मी नेहमी शेवटी म्हणतो. बाकीचे लोक मुद्दाम आधी म्हणतात. त्या संध्याकाळी ती कॉलेजच्या गोठ्यात पदर खोचून उभी होती आणि पळसाच्या पानाने पोपटच्या खांद्याला तूप-हळद चोळत होती. पोळ्याची आदली संध्याकाळ म्हणजे खांदशेकणी. वर्षभर जू वागवलेला खांदा शेकायचा आणि बैलांना दुसऱ्या दिवशीचं जेवण सांगायचं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," तिने पोपटच्या कानात सांगितलं, मग हिऱ्याच्या. हिऱ्याने कान हलवला.

"आयकलं बरं त्यानं," नत्थुजी म्हणाले. "आदीचे साहेब लांबूनच सांगत. मोबाईलवर बोलल्यावानी."

रागिणी हसली. अधिष्ठाता झाल्यापासून तिचं असं मोकळं हसणं मी फार कमी ऐकलं होतं, म्हणून नत्थुजींवर मी खूश झालो. हा माणूस कॉलेजची बैलं सांभाळण्यातच म्हातारा झाला. एके काळी गोठ्यात आठ जोड्या होत्या म्हणे. ट्रॅक्टर आले आणि उरली ही एकच, हिऱ्या-पोपटची. पोळ्यासाठी आणि विद्यार्थ्यांना वखर-डवरं चालवून दाखवण्यासाठी.

माझी ओळख करून द्यायची तर मी मॅडमचा मिस्टर. अकोल्याच्या एका हायस्कुलात मी पंचवीस वर्षं मराठी शिकवतोय, पण ते आता कोणी विचारत नाही. आमच्या स्टाफ क्वार्टर्समधल्या महिला मंडळाचा जुना नियम असा, की साहेबांची बायको ही पदसिद्ध अध्यक्ष. गेल्या दिवाळीनंतर रागिणी खुर्चीत बसली आणि मंडळाच्या बायका पेढे घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. संक्रांतीला वाणाच्या वाट्या मी निवडल्या. स्टीलच्या, झाकणाच्या. सगळ्यांना आवडल्या, खोटं कशाला सांगू!

पण राग यायचा तो दुसऱ्या गोष्टीचा. रागिणीने आल्या आल्या प्राध्यापकांना आठवड्यातून एक दिवस विद्यार्थ्यांसह गावच्या वावरात पाठवायला सुरुवात केली. सोमवारी सकाळी ती आपली केबिन सोडून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायची, ज्याला यायचं त्याने यावं. मुलींच्या वसतिगृहाचं पाणी सुरळीत केलं. वाळत चाललेली लिंबाची बाग वाचवली. एवढं सगळं करून कोणी म्हणायचं काय, तर "चार्ज हाय ना मॅडमकडे, कायम साहेब येईपरेंत." जणू काही एसटीत कोणाची जागा धरून बसली होती बाई! येत्या सोमवारी त्या कायम जागेची मुलाखत होती. अर्ज तिचाही होता.

आता पोळ्याच्या मानाचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. कॉलेज उभं राहिलं ते पांढरखेड गावाच्या जमिनीवर. जमिनी देताना त्या वेळच्या म्हाताऱ्यांनी एक अट घातली, तोंडी. दर पोळ्याला तोरणाखालची पहिली जोडी कॉलेजची राहील, आणि तिचा कासरा कॉलेजचा मुख्य माणूस स्वतः धरील. गाव त्याला झडतीत जे विचारेल त्याचं उत्तर त्याने तिथेच द्यायचं, मगच तोरण तुटायचं. आमच्याकडे पोळ्यात झडत्या म्हणतात, यमक जुळवून, एकमेकांना चिमटे काढत. तर गावाला वर्षातून एक दिवस साहेबाला भर मैदानात काहीही विचारायची मुभा. आधीच्या साहेबांना झडत्या कुठून येणार? त्यांच्या मी लिहून द्यायचो. साहेब फेट्याच्या शेमल्याआड चिठ्ठी धरून वाचायचे, गाव हसायचं आणि तोरण तुटायचं.

यंदा मुख्य माणूस बाई होती. आणि आमच्या भागात बाई तोरणात जात नाही. ती दारात उभी राहते, ताट घेऊन.

*

खांदशेकणी आटोपून घरी आलो तर गजेंद्र सर दिवाणखान्यात बसलेले. हे कॉलेजमधले सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापक. माणूस वाईट नाही, पण पाऊस नसला तरी छत्री उघडून चालणारा.

"मॅडम, गावात बोलून आलो मी," ते म्हणाले. "देवीदासभाऊ म्हणतात, बाई तोरणात नाई येत, हे तर हायेच. मंग मीच तोडगा काढला. जोडी सर धरतील."

"कोण सर?" रागिणीने विचारलं.

"आपले सर. तुमचे मिस्टर. फेटा बांधला का शोभून दिसतील. झडत्या तर त्यायच्या हातचा मळ हाय."

खरं सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना लिहून दिल्या, आता स्वतः म्हणायला मिळणार!

गजेंद्र सर पुढे सरकून बसले. "आन दुसरं असं मॅडम, देवीदासभाऊ यंदा झडतीत बांधाचं काढनार हायेत. पक्की खबर हाय. तुमी तिथं एक शब्द बोलल्या तर तो कॉलेजनं कबूल केल्यासारखा होते. सोमवारी मुलाखत. तिथं समोरचे लोक काई दूधखुळे नाईत. सरांले इचारलं तर सर काय, मराठीचे मास्तर. त्यायच्या उत्तराले कोन धरते?"

माझ्या गुदगुल्या तिथेच थांबल्या.

"चहा घ्या सर," रागिणी म्हणाली, "थंडा होऊन राहिला."

ते गेल्यावर मी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा तिने मला पुरणासाठी डाळ निवडायला बसवलं.

बांधाचं प्रकरण मला माहीत होतं. उन्हाळ्यात लिंबाची बाग वाळायला लागली, तेव्हा रागिणीने कॉलेजच्या हद्दीतल्या नाल्यावर सिमेंटचा बांध घालून घेतला. बाळापूरच्या माळ्यांची पोर ती. पाण्यावाचून वांग्याची वाडी जळताना लहानपणी पाहिलेली. जास्तीचं पाणी ज्यावरून वाहून जातं तो सांडवा नकाशात होता त्याहून तिने हातभर उंच करवून घेतला. पेपरात फोटो आला. बाग तरारली. मग श्रावणात असा पाऊस लागला की नाला फुगला आणि पाणी मागे सरकत सरकत वरच्या अंगाच्या तीन वावरांत जाऊन बसलं. तूर उभ्या उभ्या पिवळी पडली. पाणी ओसरल्यावर तिने विद्यापीठाकडे सांडवा उतरवायची परवानगी मागितली. उत्तर आलं नाही. मुलाखत होईपर्यंत कोणी उत्तर देणारही नव्हतं.

*

सकाळी उठलो तर ती पायात गमबूट चढवत होती.

"पोळ्याच्या दिवशी कुठे निघालीस?"

"वावरात. येता का?"

बांधाच्या वरच्या अंगाला लीलाबाईचं वावर. लीलाबाई पांढरखेडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, सगळी शेती तिने एकटीने केलेली. आम्ही पोचलो तेव्हा ती वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली होती. तुरीची झाडं माना टाकून उभी होती, आणि मातीला कुजका वास येत होता.

"आज वावरात कोनी येत नसते, मॅडम," लीलाबाई म्हणाली. "घरी पुरन शिजत असन तुमचं."

"तुमी काहून आल्या मंग, मावशी?"

"मी पाहाले आली, एखांदी वाचली का." तिने एक रोप उपटून दाखवलं. मुळाची साल हातात निघून आली. "नाई वाचली."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लीलाबाईने ते रोप धुऱ्यावर ठेवलं, हात झटकले आणि उठली. सणाचा दिवस होता, तिलाही घरी कामं होती. रागिणी मात्र चिखलात जाऊन उभी राहिली. बराच वेळ.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "उंची मी वाढवली. इंजिनिअर नको म्हणत होता."

"पाऊस एवढा होईल हे काय तुला माहीत होतं?"

"हे पावसाचं उत्तर झालं. माझं नाही."

असं बोलली की तिच्यापुढे माझं काही चालत नाही. परतताना मी जरा भीत भीतच विचारलं, "मग संध्याकाळी कसं करायचं?"

"फेटा नीट बांधा. सुटला तर हसतील लोक."

म्हणजे ठरलं तर, असं मी समजलो. थोडं हायसं वाटलं आणि थोडं वाईट. तिला एवढ्या वर्षांत कशाच्या आड उभी राहिलेली मी पाहिलं नव्हतं. पण म्हटलं, जाऊ दे बावा, सोमवार निघून जाऊ दे. कायम झाली की मग सांडवाही उतरवेल आणि सगळंच करेल. सगळे शहाणे असाच विचार करतात, मी काही वेगळा नाही.

*

दुपार कलली आणि पांढरखेडच्या मैदानात जोड्या जमायला लागल्या. पाठीवर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. त्याच्या ऐन मधोमध हिऱ्या-पोपट, त्यांच्यापुढे फेटा बांधलेला मी, आणि माझ्या मुठीत कासरा. कासरा म्हणजे साधा दोर, पण दुसऱ्या टोकाला दोन बैल असले की तो साधा राहत नाही. पोपटने एकदा मान झटकली, तर मी पावलाभर सरकलो.

"घट्ट धरा, सर," नत्थुजी मागून पुटपुटले. "तुमी भेले का त्याले समजते."

माझ्या डाव्या खांद्याशी गजेंद्र सर. रागिणी मैदानाबाहेर, लागूनच असलेल्या कॉलेजच्या फाटकाशी. तिथे प्राध्यापकांच्या बायका, होस्टेलच्या मुली आणि त्यांच्यापुढे ती, हातात औक्षणाचं ताट, अंगावर हिरवं लुगडं. सासूबाईंचं होतं ते, म्हणजे तिच्या आईचं. पोळ्याला आवर्जून नेसते.

देवीदासभाऊ पुढे आले. गावातली सगळ्यात जुनी मिशी त्यांची. आधी त्यांनी हलकी झडती टाकली, माझ्यावरच:

"फेटा बांधला ऐटीत, मिशीले लावला पीळ,
बैल पाहून मास्तराच्या पोटात उठली कळ!"

मैदान खो खो हसलं. मी हे ओळखूनच होतो. उत्तर तयार होतं:

"बैलाची नाई भीती भाऊ, बैल बिचारा भोळा,
बायको माही पाहून राहिली, म्हून आला गोळा!"

काय दाद मिळाली म्हणता! पोरांनी टोप्या उडवल्या. गजेंद्र सरांनी पाठ थोपटली. मी फाटकाकडे पाहिलं. रागिणीही हसत होती. आता तोरण तुटणार, असं मनात म्हणतोय तोच देवीदासभाऊंनी हात वर केला. हसू थांबलं. त्यांचा आवाजच बदलला:

"बांध घातला नाल्यावर, फोटो आला पेपरात,
पानी तुमचं जिरलं म्हने, तूर सडली वावरात,
सांग गा मानकऱ्या, पाप कोनाच्या पदरात?"

नुसत्या घुंगरमाळा वाजत होत्या.

"चौकशी सुरू हाय म्हना," गजेंद्र सर माझ्या कानाशी लागले. "चौकशी सुरू हाय, अहवाल येनार हाय, एवढंच म्हना."

मला यमकं सुचत होती, एक सोडून चार. पावसावर ढकलणारं सुचलं, नशिबावर सुचलं, देवावर तर लगेच सुचलं. पण सकाळचं ते रोप डोळ्यांपुढून हलेना. हातात निघून आलेली मुळाची साल. आणि माझ्या हातात काही नव्हतं, ना बांध ना सांडवा. मी सांगितलं तरी ते कोणाचं सांगणं होणार होतं?

"मास्तर मुके झाले का बाप्पा?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. पण कोणी हसलं नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला व्हायला लागली. आधी वाटलं बैल उधळला. पाहिलं तर हिरवं लुगडं. रागिणी ताट सांभाळत सरळ चालत येत होती. मैदान ओलांडलं, जोड्यांच्या मधून आली, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"धरा हे," ती म्हणाली.

मी कासरा सोडून ताट धरलं. सवयीने, घरी धरतो तसं. कासरा तिच्या हातात गेला तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की भर पोळ्यात, तोरणाखाली, फेटा बांधून मी औक्षणाचं ताट घेऊन उभा आहे. वाऱ्याने दिवा विझला होता.

"मॅडम!" गजेंद्र सरांच्या तोंडून एवढंच निघालं.

एक म्हातारा ओरडला, "बाई तोरणात येत नसते! रीत हाय का नाई काई?"

"हाय," रागिणी म्हणाली. ऑफिसातली तिची भाषा कुठल्या कुठे गेली होती. "मले माईत हाय, बाबा. माह्या बापाच्या खांद्यावर बसून बाळापूरचा पोळा पाहिला मी. मोठी झाली तं मलेबी दारात उभं केलं. ते कधी मोडलं नाई मी. पन हा मान कोनाचा हाय, देवीदासभाऊ? मानसाचा हाय का कॉलेजचा हाय?"

देवीदासभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "कालेजचा," ते म्हणाले.

"मंग इचारलं ते कॉलेजले इचारलं. माह्या नवऱ्याले त्यातलं काई ठाऊक नाई. मी सांगतो." आमच्याकडे बायकाही 'सांगतो'च म्हणतात. तिने कासऱ्याचा एक वेढा हाताला मारला, घसा साफ केला आणि झडतीच्या चालीत सुरू केलं:

"पाप माह्याच पदरात, सही माही कागदावर,
सांडवा म्याच उंच केला, पानी चढलं वावरावर..."

इथवर जमलं. मी मनात म्हटलं, वा! पुढची ओळ मात्र तिला येईना. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला तिसरी ओळ सुचली होती, ओठांवर आली होती, पण मी दात आवळून गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं यमक मी गिळलं असेल.

"नाई जुळत," शेवटी ती साध्या आवाजात म्हणाली. "जसं हाय तसं सांगतो. उद्या सकाळी सांडवा हातभर खाली उतरवते कॉलेज. परवानगी आली तरी उतरवते, नाई आली तरी. तीन वावरं गेली. त्या वावरांले हरभऱ्याचं बियानं कॉलेजच्या प्लॉटवरचं येईन, आन पोरं-पोरी येऊन पेरून देतील. चूक माही झाली. पावसाची नाई."

गजेंद्र सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांची छत्री वाऱ्याने उलटी झाली होती, बिचाऱ्यांची.

तो रीत विचारणारा म्हातारा देवीदासभाऊंकडे पाहायला लागला. देवीदासभाऊ रागिणीकडे पाहत होते. मी ताट घेऊन उभा होतो. सोमवार गेला, हे मला कळलं होतं. तिलाही कळलं होतं, पण तिचा कासऱ्यावरचा हात हलत नव्हता.

"यमक काई जुळलं नाई," देवीदासभाऊ सावकाश म्हणाले. "पन बाप्पा, इतक्या वर्षांत उत्तर आजच भेटलं." आणि मागे वळून गरजले, "कालेज आलं हाय! सोडा जोडी!"

"हर हर महादेव!" असा काही आवाज उठला की हिऱ्या-पोपटने एकदम उडी घेतली. मी असतो तर तोंडावर आपटलो असतो. ती मात्र कासरा ढिला सोडत, दोघांच्या मधून, लुगड्याचा ओचा एका हाताने वर धरून धावली. तोरण तुटलं. आंब्याची पानं तिच्या डोक्यावर पडली. मागे नत्थुजी फेटा हातात घेऊन नाचत होते आणि फाटकाशी होस्टेलच्या मुली शिट्ट्या मारत होत्या. मुलींनी शिट्ट्या मारू नयेत असं मी महिला मंडळाच्या बैठकीत बोललो होतो. त्या दिवशी माझे शब्द मी परत घेतले. माझ्या डोळ्यांतून पाणी कधी आलं तेही समजलं नाही. पुसायला हात मोकळे नव्हते.

*

पुढचं आताच सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी सांडवा उतरवला. कॉलेजची पोरं होती, पांढरखेडची माणसंही घण घेऊन आली. सोमवारी अकोल्याला मुलाखत झाली. "आपण जाहीरपणे चूक कबूल केलीत, हे खरं का?" असं मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कायम जागा भरायचं पुढे ढकललं. तिच्या दारावरच्या पाटीत 'प्रभारी' हा शब्द अजून आहे, आणि मी तो अजून शेवटी म्हणतो. बाकी कॉलेज तीच चालवते. सोमवारी व्हरांड्यात आता एका खुर्चीने भागत नाही, दोन बाकं टाकावी लागतात.

पण मला सांगायची आहे ती त्याच संध्याकाळची गोष्ट.

तोरण तुटल्यावर मानाची जोडी घरोघरी जाते. घरची बाई बैलांचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळीचा घास देते. पहिलं घर कोणतं घ्यायचं हे मानकरी ठरवतो. साहेब लोक नेहमी सरपंचाकडे जायचे, तिथे फोटोवाला असायचा. रागिणीने जोडी वळवली ती लीलाबाईच्या बोळात. मागे मी, ताट घेऊन, आणि नत्थुजी.

लीलाबाईचं दार सारवलेलं होतं. ती तांब्या घेऊन बाहेर आली, आणि आम्हाला पाहून थबकली. सकाळची तीच बाई, तेच हात. मैदानात एवढं बोललेली रागिणी इथे मात्र मान खाली घालून उभी राहिली.

लीलाबाईने हिऱ्याच्या पायांवर पाणी घातलं. मग पोपटच्या. मग वाकूनच एक पाऊल पुढे सरकली आणि तांब्या रागिणीच्या पायांकडे नेला. धावताना वहाणा कुठे गेल्या होत्या कोण जाणे. घोट्यापर्यंत काळा चिखल.

रागिणी झटकन मागे झाली. "हे काय करून राहिल्या, मावशी? नका बरं. तुमचं तं म्या..."

"तूर गेली ते गेली," लीलाबाई म्हणाली. "त्याचं पेरू आपन हरभऱ्याच्या टायमाले. जोडी धरून जो दारात येते त्याचे पाय धुवा लागते. पाय पुढं कर, पोरी."

दिवाळीपासून तिला सगळे मॅडम म्हणत होते. रागिणीने पाय पुढे केला. पाणी पडलं, चिखल सुटला, बोटं दिसायला लागली. लीलाबाईने दुसऱ्या पायावरही तेवढंच पाणी घातलं.

मग ती माझ्याकडे वळली. "ताट कवाचं धरून ठेवलं, मास्तर? शोभेचं हाय का?" आपल्या दिव्यावर तिने माझा दिवा लावून दिला. "ओवाळा."

मी हिऱ्याला ओवाळलं. पोपटला ओवाळलं. तिथे थांबायला हवं होतं, रीत तेवढीच. नत्थुजी माझ्याकडे पाहत होते, बोळातल्या बायका दारांत आल्या होत्या. मी ताट तसंच पुढे नेलं.

"अहो, लोक पाहून राहिले," रागिणी हळूच म्हणाली.

"पाहू दे," मी म्हणालो, आणि ओले पाय घेऊन, हाताला कासरा गुंडाळून उभ्या असलेल्या माझ्या बायकोला ओवाळलं.